पाव्हणीनं उठायचं न्हाई

वंदना मस्कतहून आष्टीला माहेरी आली त्याला बरेच दिवस झाले, तरी द्वारकाबाईच्या घराकडं काही तिचं पाऊल वळलं नव्हतं. रोज सकाळी नवं निमित्त. आज ऊन फार आहे, उद्या कुंभार पिंपळगावला सासरी जायचंय, परवा डोकं चढलंय. द्वारकाबाईचा निरोप मात्र ठरलेला. कधी पिठाच्या गिरणीत तृप्तीवहिनीला गाठून, कधी बांधावर भावाला, अंगदला थांबवून. "वंदाताईला म्हनावं, एक डाव जेवायला या. माझ्या बेबीची खबर मला तुमच्या तोंडून ऐकायची हाये."

"जाय बाई एकदाची," तृप्तीवहिनी म्हणाली. "म्हातारी मला दळण दळू देईना झाली. जिथं जावं तिथं आपली उभीच."

"जाईन वहिनी. जाईन म्हटलं ना."

"तिकडं देशोदेशीच्या बायकायला ताब्यात ठेवती म्हणं, अन् इथं एका म्हातारीला भ्याली."

वहिनीनं आपली गंमत केली आणि ती भाजी निवडायला लागली. वंदनाला मात्र ती गंमत झोंबली. कारण वहिनी बरोबर बोलली होती. ती भ्यालीच होती. द्वारकाबाईची लेक बेबीनंदा मस्कतला वंदनाच्या मंडळात यायची बंद झाली होती, आणि बंद झाली होती ती वंदनाच्याच वागण्यानं. म्हातारीला हे ठाऊक असलं तर तिच्यापुढं उभं कसं राहायचं? आणि ठाऊक नसलं, तर तिच्या हातचं जेवायचं कसं?

*

रामरावांची ही धाकटी लेक. शाळा आष्टीत, कॉलेज परतूरला, आणि लग्न कुंभार पिंपळगावच्या कल्याणशी. कल्याणला मस्कतला नोकरी लागली, समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात. तेव्हा अख्ख्या आष्टीनं रामरावांकडं पेढे खाल्ले. जावई समुद्र गोड करतो, हे सांगताना रामरावांची छाती अशी फुगायची की जसं काही नळ त्यांच्याच वाड्यातून सुटलेला.

पण पोरगी तिकडं काय करत होती, ते पेढे खाणारांना कोण सांगणार? कल्याण सकाळी अंधारात जायचा, संध्याकाळी थकून यायचा. दिवसभर चार भिंती, एसीची घरघर आणि खिडकीबाहेर पांढरंफट ऊन. खिडकी उघडायची सोय नाही, उघडली तर तव्याची वाफ अंगावर. आष्टीत दारात बसलं की चार जणी येताजाता काहीबाही बोलून जातात. इथं दार उघडलं तर नुसता लांबलचक बोळ आणि बंद दारं. एकदा तर तिनं डाळ शिजलेली असताना पुन्हा कुकर चढवला, नुसती शिट्टी ऐकायला. तेवढीच काय ती ओळखीची. केस विंचरणं सोडलं. फोनवर आईला म्हणायची, मजेत आहे, आणि फोन ठेवला की उशीत तोंड घालायची.

वरच्या मजल्यावर इख्लास राहायची. सुदानची, शाळेत शिकवणारी, उंचपुरी बाई. लिफ्टमध्ये तिनं वंदनाकडं एकदा नीट पाहिलं आणि काही न विचारता हाताला धरून वर नेलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसवलं आणि आल्याची कॉफी करायला घेतली. परक्या घरात बाई एकटीच राबतेय म्हटल्यावर वंदना सवयीनं उठली. इख्लासनं तिचे खांदे दाबून तिला परत खाली बसवलं. मोडक्या हिंदीत म्हणाली, "पहला दिन मेहमान नहीं उठता." आणि स्वतःच्या हातानं कप भरून पुढं धरला.

वंदना कप हातात धरून रडली. अगदी सासरी जाताना रडली नव्हती तशी. इख्लास समोर बसून राहिली, तिनं गप्प बस असंही म्हटलं नाही.

त्यातूनच शुक्रवारचं मंडळ निघालं. आधी दोघीच. मग फिलिपिन्सची मारिसेल आली, केरळची शीबा आली, श्रीलंकेची, इजिप्तची, लाहोरची, अशा बाया जमत गेल्या. इख्लासला शाळेचं काम वाढलं तसं मंडळ वंदनाच्या घरी भरू लागलं आणि बघता बघता वंदना त्याची मुखिया झाली. नियम एकच होता, इख्लासनं घालून दिलेला. नवी बाई आली की मोठी खुर्ची तिची. तिनं उठायचं नाही, काही उचलायचं नाही. चहा मुखियेनं आपल्या हातानं द्यायचा.

मंडळ चालवणं काही सोपं नव्हतं. एकदा मारिसेलनं आणलेली मटणासारखी दिसणारी भाजी इख्लास तोंडात घालणार, तेवढ्यात कळलं की ते डुकराचं आहे. दोघींची तोंडं उतरली. वंदनानं मध्ये पडून तोडगा काढला. ज्याचं त्यानं ताटाशेजारी जनावराचं चित्र काढून ठेवायचं. वंदनाला चित्रकला अशी की तिची कोंबडी घोड्यासारखी दिसायची. बाया हसून हसून लोळल्या आणि भांडण तिथंच मिटलं. लाहोरच्या बाईची आणि पंजाबच्या बाईची क्रिकेटवरून जुंपली की ती दोघींना एकाच परातीत कणीक मळायला बसवायची. कल्याण म्हणायचा, "तुला गावात ग्रामपंचायत मिळाली असती तर तालुका सुधारला असता."

गावात नाव झालं. रामराव पारावर सांगू लागले, "आमची वंदी तिकडं सगळ्या जातीधर्माच्या बायायला एका पंगतीत बसवती."

आणि मग बेबीनंदा भेटली.

मस्कतच्या रुई भागातल्या एका दुकानात वंदना वांगी निवडत होती, तर पाठीमागून आवाज आला, "हे वांगं हाये का भोपळा? एवढं मोठं कामून केलं म्हनावं यानं?" वंदना गर्रकन वळली. चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी मारवाडी बाई, आणि खुर्चीमागं बेबीनंदा. द्वारकाबाईची बेबी.

"बेबे! तू हितं?"

"अगं माय! वंदाताई!"

दोघींनी भाजीच्या रांगेत मिठी मारली. बेबीनंदाला नवऱ्यानं टाकलं, तेव्हापासून ती जालन्याला मस्तगडात मिश्रीलालजींच्या घरी कामाला होती. त्यांचा मुलगा मयंक मस्कतला डाळींच्या धंद्यात पडला. त्यानं आई राजकुमारीबाईंना तिकडं नेलं, आणि म्हातारीचं बेबीवाचून पान हलेना म्हणून बेबीलाही नेलं. खुर्चीतली राजकुमारीबाई म्हणाली, "गाँव की मिल गई? अच्छा हुआ. ये तो मेरे से भी मराठी में ही लड़ती है."

"शुक्रवारी घरी ये," वंदना म्हणाली. "आमचं मंडळ असतं. यायचंच, काय?"

बेबीनंदा आली. धुतलेली साडी, डोक्याला तेल. दारातच चप्पल काढली आणि बायांनी भरलेल्या खोलीकडं पाहून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खाली बसली, भिंतीला टेकून. मोठी खुर्ची रिकामी होती. इख्लासनं खुर्चीकडं बोट करून विचारलं, "नई है ना?"

आणि वंदना म्हणाली, "अरे, ये तो घर की ही है."

तिला वाटलं, आपण मायेनंच बोललो. तिच्या जिभेला तो शब्द लहानपणापासून पाठ होता. द्वारकाबाई रामरावांच्या घरी भांडी घासायची, शेण काढायची, निंदायला जायची, तेव्हाही तिला सगळे 'घरचीच' म्हणायचे. लहान लेकरंसुद्धा तिला 'ए द्वारका' म्हणून हाक मारायची, वंदनासुद्धा. आणि या घरच्याच बाईचा कप घरात नसायचा. तो बाहेर ओसरीच्या कोनाड्यात असायचा, कान मोडलेला. चहा आला की द्वारकाबाई तो काढायची, वरून धार धरून तिला चहा मिळायचा, त्यातलाच अर्धा ती बेबीला पाजायची, कप विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायची. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. तो कोनाडा भिंतीचाच भाग होता. पुढं जुनं घर पाडून अंगदनं स्लॅबचं बांधलं, कोनाडा मातीत गेला. पण वंदना तो सोबत घेऊन मस्कतला गेली होती, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

चहापाणी झालं. वंदना बोलता बोलता म्हणाली, "बेबे, जरा कप विसळून टाक गं."

बेबी टुणकन उठली. सगळ्यांचे कप विसळले, ओटा पुसला. मारिसेल कौतुकानं म्हणाली, "वंदना, तुझी बाई किती चांगली आहे! मंगळवारी माझ्याकडं पाठवशील?"

हीच ती घडी. 'ती माझी बाई नाही, माझ्या गावची आहे, आज पाहुणी आहे,' एवढं बोलायला किती वेळ लागतो? वंदना हसली आणि म्हणाली, "मंगळवारी तिला वेळ नसतो."

पुढच्या शुक्रवारी बाया आपोआप रिकाम्या ताटल्या बेबीच्या हातात देऊ लागल्या. कुणी वाईट नव्हतं. त्यांनी वंदनाचं पाहिलं आणि तसं केलं. बेबीनं आपला कप विसळून खिडकीच्या पट्टीवर पालथा घातला, बाकीच्या कपांपासून वेगळा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी वंदना चहा ओतत आली. बेबीनं खिडकीतला कप काढून पुढं केला. वंदनानं किटली उंच धरून वरून धार सोडली.

हात आपसूक उंच गेला होता. ते ध्यानात आलं तेव्हा चहा ओतून झाला होता. बेबीनं वर पाहिलं नाही.

त्यानंतर राजकुमारीबाईला बरं नाही, असा बेबीचा निरोप आला. पुढच्या वेळी पुन्हा तोच. मग निरोपही यायचा थांबला. एका शुक्रवारी बेसिनमध्ये कपांचा ढीग पडला आणि वंदनाच्या मनात आलं, आज बेबी नाही, आता हे कोण धुणार? मनातलं हे वाक्य तिनं स्वतःच ऐकलं आणि तिला दरदरून घाम फुटला. एसी चालू असताना.

फोन केला तर बेबी गोडच बोलली. "न्हाई ओ ताई, म्हातारीला सोडून येता येईना झालं." वंदनाला तिच्या दारापर्यंत जायचं होतं. पण दारात उभं राहून म्हणायचं काय, ते सुचलं नाही. तेवढ्यात कल्याणची सुट्टी मंजूर झाली. तो कुंभार पिंपळगावला आपल्या घरी उतरला आणि ती आष्टीला आली. पळून आल्यासारखी.

*

गावातल्या बचत गटाची भावना हौशी. तिनं सत्काराचा घाट घातला. वंदना नको नको म्हणत होती, पण रामरावांनी आधीच होकार देऊन टाकला होता. मारुतीच्या सभामंडपात सतरंज्या टाकल्या, 'आष्टीची सुकन्या' असा फलक लावला. तृप्तीवहिनीनं स्वतःची पैठणी नेसवली.

भावना माईकवर सुटली. "आपल्या वंदाताईनं परमुलखात नानाविध देशाच्या महिलायला एकत्र आणलं!" देशांची नावं घेताना तिनं दोन-चार आपल्या मनानं वाढवले. जपान आला, अमेरिका आली. बायांनी टाळ्या वाजवल्या. वंदनाच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, काचेचं सन्मानचिन्ह आलं. एवढ्या उकाड्यात शाल, आणि ती काढताही येईना.

"कुणाला दोन शब्द बोलायचे हायेत का?" भावनानं उगीच रीत म्हणून विचारलं.

मागून द्वारकाबाई उठली. आयुष्यात कधी चार माणसांत न बोललेली बाई. भावना माईक द्यायला गेली तर तिनं तो दूर सारला.

"मला बोलता येईना," ती म्हणाली. "माझी बेबी तिकडं एकटी हाये. मला झोप नव्हती लागत. मंग ती म्हनली, माय, तू घोर करू नको, वंदाताई हाये. म्हनली, पहिल्याच दिशी ताईनं मला सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसवलं. समद्या देशायच्या बायायम्होरं. मी उठाया गेले तं म्हनल्या, बस खाली, पाव्हणीनं उठायचं न्हाई. स्वताच्या हातानं चहा दिला म्हनं. मी इचारलं, कशात दिला गं? तं म्हनली, जशात समद्यायला, तशातच." तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. "तवापसून मला झोप लागती. एवढंच सांगायचं व्हतं."

'कशात दिला' हा प्रश्न तिथल्या प्रत्येक बाईला कळला होता. मग टाळ्या पडल्या, भावनाच्या भाषणाला पडल्या त्याहून जोरात. दोन-तीन जणींनी डोळ्याला पदर लावला.

वंदना शाल पांघरून उभी होती. तिला वाटलं, हा नारळ कुणीतरी आपल्या डोक्यात घालावा.

घरी येताना रामराव झपाझप पुढं चालत होते. दारात चपला काढताना म्हणाले, "द्वारकीच्या पोरीला खुर्चीवर बसवलं व्हय? बरं केलं. तिकडं चालतं ते." आणि आत गेले.

बापाला काय सांगणार होती ती? तिकडंही चालवलं नाही बापू, मी तुमचीच लेक निघाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती द्वारकाबाईकडं गेली, कुणी न सांगता.

घरकुलाचं छोटं घर, पुढं पत्र्याची सावली. वर स्लॅबवर धोतराच्या फडक्यावर कुरडया वाळत घातलेल्या. द्वारकाबाई कावळे हाकत होती. वंदनाला पाहून लगबगीनं जिना उतरली.

"आल्या माय! या, या. खाली नका बसू." तिनं शेजारून मागून आणलेली प्लास्टिकची खुर्ची पुढं ओढली. पदरानं पुसली, पुन्हा पुसली.

"मावशी, मी खाली बसते," वंदना म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं द्वारकाबाईला मावशी म्हटलं होतं. म्हातारी थबकली, आणि तिनं खुर्ची आणखी पुढं सरकवली.

"बसा खुर्चीवर. माझ्या लेकीला तुमी बसवलं, मंग मी तुमाला भुईवर बसवू व्हय?"

वंदना बसली. खुर्चीचे चारी पाय जणू तिलाच टोचत होते. जेवणात बेसन, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. घास फिरत राहिला. द्वारकाबाई समोर बसून वारा घालत होती आणि विचारत होती. बेबीची तब्येत? म्हातारी फार छळते का? मंडळात बेबी कुणाशेजारी बसते?

"माझ्या शेजारी," वंदना म्हणाली. दुसरं तोंडातून आलंच नाही.

चहा झाला. नव्याकोऱ्या फुलाफुलांच्या कपात. वंदना कप घेऊन मोरीकडं जायला उठली, तर द्वारकाबाईनं तो हातातून काढून घेतला. "पाव्हणीनं उठायचं न्हाई. तुमचाच नेम हाये ना?" आणि ती खुदकन हसली.

तेव्हा वंदनाला वाटलं, आता बस्स. सांगून टाकू. मोकळं होऊ. "मावशी, मला काही सांगायचंय—"

तेवढ्यात द्वारकाबाईचा फोन वाजला. पडद्यावर बेबीनंदा. म्हातारीनं उजेडाकडं तोंड करून फोन धरला. "बेबे! बघ कोन आलंय घरी! बघ कुटं बसल्यात!" आणि फोन वंदनाच्या तोंडासमोर केला.

बेबीच्या मागं मयंकच्या घराची पांढरी भिंत होती. एका नजरेत तिनं प्लास्टिकची खुर्ची, रिकामं ताट, वंदनाचा चेहरा, सगळं वाचलं.

"माय," ती म्हणाली, "ताईला कुरडया बांधून दे की. वरून काढून आन, जल्दी. कावळे खातेल."

"व्हय की गं माझे बाय!" द्वारकाबाई फोन वंदनाच्या हाती देऊन जिन्याकडं धावली.

पावलं वर गेली तसा बेबीचा आवाज बदलला. "तुमी तिला काही बोलल्या तं न्हाई ना?"

"नाही. पण सांगणार होते. बेबे, मला हे झेपेना. तू तिला खोटं कामून सांगितलं?"

"खोटं न सांगून काय सांगू? का वंदाताईनं वरून धार धरली? ती तं कोनाड्यातल्या कपात अख्खी जिनगी प्याली. तिला वाटतंय लेक सुटली त्याच्यातून. त्याच्यावर झोपती ती. तुमी सांगून मोकळ्या व्हाल, अन् ती जागी राहील. बिलकुल सांगू नका."

"माझं चुकलं बेबे. माफ कर मला."

"माफी घेऊन मी काय करू ताई?" बेबी तोडून बोलली नाही, दमून बोलली. "तिथं आता कप कोन धुतं?"

"मी. आम्ही पाळीनं."

"अन् माझा? खिडकीतला?"

वंदनाला खोटं बोलता आलं असतं. आदल्या दिवशी अख्ख्या गावासमोर ती गप्प राहून खोटं बोललीच होती. "तिथंच आहे," ती म्हणाली. "पालथा."

"उचलला न्हाई?"

"हात झाला नाही. रोज बघायची. त्याला हात लावायची लाज वाटते."

बेबी हसली. पण ते हसू वंदनाच्या जिव्हारी लागलं. "बघा, म्हंजी मी गेले तरी माझा कोनाडा कायमच. आधी तो उचला. समद्यायच्या कपात मिसळा. इख्लासबाईला, त्या मारिसेलला सांगा मी कोन हाये. घरची न्हाई म्हना. पाव्हणी म्हना. मंग मला बोलवा. तवर बोलवू नका."

"मंग येशील?"

वर पावलं वाजली. द्वारकाबाई पदरात कुरडया सांभाळत एकेक पायरी उतरत होती.

"ते मी बगीन," बेबी म्हणाली, आणि आवाज एकदम लाडात आणून मोठ्यानं बोलली, "माय, जास्ती नको गं देऊ! ताईला ओझं व्हईल."

"काय बोलून राह्यल्या दोघी?" द्वारकाबाई धापा टाकत विचारू लागली.

"कपायचं," बेबी म्हणाली. "पाळी कुनाची, कुनाची न्हाई."

"तुमी बी ना!" म्हातारी हसली. "तिकडं जाऊनसुदिक भांड्याकुंड्याच्याच गोष्टी."

मग तिनं जुन्या बिस्किटाच्या डब्यात कागद घालून, एकावर एक अलगद कुरडया रचल्या. डबा सुतळीनं बांधला, वंदनाच्या हातात देताना तिचे दोन्ही हात धरले. "अर्ध्या मंडळाच्या, अर्ध्या बेबीच्या. पन बेबीच्या हातात देजा हां. समद्यायम्होरं. ती खुर्चीवर बसल्यावर."

वंदना 'हो' म्हणाली. 'हो' म्हणताना तिला कळलं की हा एक शब्द आपल्याला आता निभवायचाच आहे, आणि तो आपल्या एकटीच्या हातात नाही.

*

निघायच्या दिवशी बॅग भरताना वजन बसेना झालं. वंदनानं शाल काढली, काचेचं चिन्ह काढलं, नारळ तर केव्हाच फोडून वहिनीला दिला होता.

"अगं, मान केला तेच ठेवून चालली?" तृप्तीवहिनी म्हणाली. "अन् हा बिस्किटाचा डबा? तिथं कुरडया मिळत न्हाईत का?"

"या नाही मिळत."

"टाक की मंग बॅगेत खाली."

"मोडतील वहिनी."

परतूरला गाडी धरायची होती, कल्याण तिथंच भेटणार होता. अंगदनं कारची डिक्की उघडली, बॅगा कोंबल्या आणि डब्यासाठी हात पुढं केला. वंदनानं तो दिला नाही. रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा. प्रत्येक हिसक्याला ती डबा मांडीवरून किंचित वर उचलायची, लेकराला सांभाळावं तसा. अंगद आरशातून पाहून हसला. "त्यात सोनं हाये का गं वंदे?"

तेवढ्यात फोनवर बेबीनंदाचा आवाजातला निरोप आला. वंदनानं कानाला लावला. मागून राजकुमारीबाईंची कुरकुर ऐकू येत होती, आणि बेबी घाईत बोलत होती, "ताई, मायनं फोन केल्ता. डबा हातात धरून आना. तिचे हात थरथरतेत आता, लई मेहनत लागली असन तिला. मोडू देऊ नका." एवढंच. येईन, असं नाही. येणार नाही, असंही नाही.

वंदनानं निरोप पुन्हा ऐकला. मग इख्लासला फोन लावला.

"इख्लास, मेरे घर की चाबी है ना तेरे पास?" ती म्हणाली. "नहीं, अभी मत जा. सिर्फ सुन. रसोई की खिड़की में एक कप उल्टा रखा है. उसको हाथ मत लगाना. मैं आके उठाऊँगी. लेकिन वो कप किसका है, वो मुझे आज बताना है."

पुढं अंगदनं गाडी हळू केली. तो बहिणीकडं आरशातून बघू लागला. तोही त्याच ओसरीवर वाढलेला होता.

पलीकडून इख्लास म्हणाली, "बोलो."

आणि वंदना बोलू लागली, भावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, कोनाड्यापासून.